घोंगडीत गुंडाळलेला टेपरेकॉर्डर

"पप्पा, 'मेंढ्या हतनूरला, विहिरीपाशी' हा कुठला बँड?"

माझी मुलगी माझ्या कॅसेटच्या ट्रंकेसमोर मांडी घालून बसली होती आणि एकेक डबी उघडून वाचत होती. "'लासूर, नाल्याच्या अल्याड.' 'देवगाव रंगारी, उसाचा फड, दुसरा मुक्काम.' 'पिशोर, कडक ऊन.' एकाही कॅसेटवर बँडचं नाव नाही, तारीख नाही. रॉकच्या कॅसेटी आहेत का जनावरांच्या बाजाराचं टिपण?"

"रॉकच्याच आहेत," मी म्हणालो. "आणि नीट धर, पट्टीला बोट लावू नकोस."

तिला हसू आवरत नव्हतं आणि मला राग आवरत नव्हता. त्या ट्रंकेला कुणी हसलेलं मला चालत नाही, पोटची पोर असली तरी. पण त्या दिवशी मी गप्प बसलो, कारण ती जे विचारत होती तेच मी दोन दिवस स्वतःला विचारत होतो.

मी त्रेपन्न वर्षांचा आहे, वाळूजच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे आणि रॉक ऐकतो. ऐकतो म्हणजे कामं उरकताना मागं काहीतरी वाजत असतं तसं नव्हे. ताटातलं जेवण गार झालं तरी लावलेली बाजू संपल्याशिवाय मी उठत नाही. पुण्याला, मुंबईला, एकदा तर थेट बंगळूरला जाऊन मी मोठमोठे बँड प्रत्यक्ष ऐकलेत, आणि प्रत्येक वेळी अगदी पुढं, लोखंडी कठड्याला छाती टेकवून. खुर्चीवर बसून रॉक ऐकणाऱ्यांबद्दल मला काही बोलायचं नाही. हात वर करून मोबाइल धरणाऱ्यांबद्दल मात्र बोलायचं आहे. अरे, समोर माणूस घामाघूम होऊन वाजवतोय आणि तुम्ही त्याला बोटभर काचेत बघताय? रजा मागताना मी कधी आजारी पडलो नाही, की कुणाला मारलं नाही. अर्जावर सरळ लिहितो, 'रॉक कॉन्सर्टसाठी'. साहेब सही करताना मान हलवतात. हलवू देत.

पण सगळ्यात जास्त अभिमान मला त्या ट्रंकेचा आहे. तिच्यात एक्केचाळीस कॅसेटी अशा आहेत, ज्या मी स्वतः कार्यक्रमात उभं राहून भरल्यात. तीस-बत्तीस वर्षांपूर्वी या शहरात कॉलेजांच्या मैदानांवर, वर्कशॉपच्या पत्र्याखाली, कुठल्या तरी हॉलात पोरं इंग्रजी गाणी वाजवायची, आणि मधूनच स्वतःची दोन-चार दामटायची. त्या पोरांचे आवाज आज जगात कुठं शिल्लक असतील तर माझ्या ट्रंकेत. हे मी गेली तीस वर्षं भेटेल त्याला सांगत आलो आहे. आणि तेच माझ्या अंगाशी आलं.

झालं असं. त्या काळी इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात पाच जणांचा एक बँड होता. माझा सगळ्यात लाडका. त्यांच्या ड्रमरशी माझी चांगली गट्टी होती. मी आयटीआयचा, तो इंजिनिअरिंगचा; पण ड्रमच्या समोर उभं राहिलं की शिक्षण कोण विचारतो? पुढं बँड मोडला, चौघं चार दिशांना गेले, ड्रमर तेवढा उस्मानपुऱ्यात राहिला. अधूनमधून भेटायचो. सात महिन्यांपूर्वी त्याला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात आणि पाय गेला. मग एक दिवस त्याचा फोन आला. शब्द सावकाश येत होते, पण बोलायची ढब तीच.

"मियाँ, अपना आखरी शो तुझ्याकडं आहे ना? तू म्हणायचास, पूरा भरलाय म्हणून."

"आहे म्हणजे? आहेच!"

"मला एकदा ऐकायचाय यार. त्या दिवशी जसं वाजलं तसं नंतर कधीच वाजलं नाही. और अब तो... डॉक्टर म्हणतात हाताला व्यायाम द्या. हाताला पहले याद तो आना चाहिए, तो काय करायचा ते."

मी म्हणालो, "रविवारी घेऊन येतो." फोन ठेवला आणि ट्रंक उघडली. त्या बँडच्या माझ्याकडं नऊ कॅसेटी. आणि नऊपैकी शेवटचा कार्यक्रम कुठला, ते मला सांगता येईना.

हे कसं झालं ते सांगायचं तर मेंढ्यांपासून सुरुवात करावी लागेल.

आमचं घर कन्नडच्या पुढं, घाटाच्या अलीकडं. घर म्हणजे आई, आम्ही भावंडं आणि चार भिंती. आबा, म्हणजे माझे वडील, वर्षातले आठ महिने मेंढ्यांमागं. शंभर-सव्वाशे मेंढ्या, दोन कुत्री आणि बिऱ्हाड लादायला एक घोडी. पीक निघालं की शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतात, लेंडीचं खत पडतं म्हणून. एका रानात चार दिवस, दुसऱ्यात आठ. आमच्या घरात कॅलेंडर होतं, पण ते कुणी बघायचं नाही. धाकटी बहीण कधी झाली? मेंढ्या देवगावात होत्या तवा. मामाचं लग्न? लासूरला बसवल्या होत्या त्या साली. साल, महिना, तिथी, सगळं त्याच हिशेबात.

मी आयटीआयला शहरात आलो आणि पहिल्याच वर्षी, कुणीतरी सोबत ओढून नेलं म्हणून, कॉलेजच्या मैदानावर रॉक ऐकलं. ड्रमची पहिली थाप कानात नाही, बरगडीत लागली. मी घाबरून मागं सरकलो आणि मग जो पुढं गेलो तो आजवर पुढंच आहे. दोन महिन्यांत गुलमंडीवरून जुना टेपरेकॉर्डर घेतला. चपटा, एका स्पीकरचा, पुढं ओळीनं बटणं असलेला. त्याच्या पोटातल्या माइकवर मी पहिला कार्यक्रम भरला आणि खोलीवर येऊन लावला, तर नुसता खरखराट. ड्रम म्हणजे कुणी पत्र्यावर दगड मारतंय, आणि त्यात वाऱ्याची फडफड.

उपाय मला आबांच्या मुक्कामावर सापडला. रविवारी डबा घेऊन गेलो होतो, टेपरेकॉर्डर सोबत होता. माळावर वारं सुटलं होतं. आबा म्हणाले, "त्याला वारं लागतंय, घोंगडीत घाल." त्यांच्या डोक्यात धूळ होती; यंत्रात माती जाऊ नये एवढाच हेतू. मी घोंगडीत गुंडाळून चालू केला, आबांचं हाकारणं भरलं आणि ऐकलं. वारं गायब. आबांचा आवाज गोल, भरीव, जवळ बसून बोलल्यासारखा. मी उडालोच.

तिथून पुढं माझी पद्धत ठरून गेली. कार्यक्रमाच्या आधी जिथं मेंढ्या असतील तिथं जायचं, आबांची घोंगडी आणायची. जाड, काळी, आमच्याच मेंढ्यांच्या लोकरीची. टेपरेकॉर्डरला तिचे दोन वेढे, माइकपुढं एकेरी पदर, वर पिशवी. कार्यक्रम झाला की घोंगडी परत करायला पुन्हा मुक्कामावर, कारण आबांना ती पांघरायला लागायची. आणि कॅसेट पहिल्यांदा ऐकायची ती तिथंच. आबा मेंढ्यांकडं तोंड करून बसलेले, मी पलीकडं, मध्ये टेप. "लई कालवा हाय," एवढाच त्यांचा अभिप्राय. पण बंद कर, असं कधी म्हणाले नाहीत. बाजू संपून बटण खटकन वर आलं की तेच सांगायचे, "पट्टी संपली बघ, उलटी कर." मग मी पेन काढून डबीवर लिहायचो, कुठं ऐकली ते. 'मेंढ्या हतनूरला, विहिरीपाशी.' बँडचं नाव लिहायची गरजच काय? ते तर मला माहीत होतं. आणि तारीख लिहायची आमच्याकडं पद्धत नव्हती.

बोलणंही मी भरत नसे. गाणी संपून पोरं माइकवर बोलायला लागली की मी पॉज दाबायचो. पट्टी वाया का घालवा? त्यामुळं निरोपाचं भाषण, आभार, रडारड, असलं काही कॅसेटवर नाही. फक्त गाणी. नऊ कॅसेटींवर तीच गाणी, जवळपास त्याच क्रमानं. मी एकेक पाच-पाच मिनिटं ऐकली. एक जरा जास्तच खराब वाटली, पण पट्टी जुनी झाली असेल म्हणून मी ती बाजूला सारली. बत्तीस वर्षांची पट्टी, सगळ्या सबंध वाजवायची छाती होईना. आणि तरीही, मला वाटलं होतं तसं, 'हीच ती' असं काही झालं नाही. मला. ज्यानं आयुष्यभर आपल्या कानाची बढाई मारली त्याला.

मुलगी म्हणाली, "मग आबांना विचारा ना. मेंढ्या कुठं होत्या ते त्यांनाच माहीत असणार."

आबा आता आमच्याकडं गारखेड्यात असतात. चार वर्षांपूर्वी शेवटच्या मेंढ्या विकल्या तेव्हापासून. ब्याऐंशी-त्र्याऐंशीचे असतील. दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालंय तरी एकानं अंधुकच दिसतं. गच्चीच्या दारात घोंगडीवर बसून रस्त्यावरचे आवाज ऐकत असतात. कुठल्या रिक्षाचं चाक वाजतंय, कुणाच्या घरी पाहुणे आले, सगळं त्यांना कळतं. पूर्वी मेंढ्यांकडं पाठ करून बसले तरी कोणती खोकली ते सांगायचे.

मी त्यांच्यापुढं डेक ठेवला. "आबा, त्या कॉलेजच्या पोरांचा शेवटचा कार्यक्रम झाला, शिमग्याच्या नंतर, परीक्षेच्या आधी. तेव्हा मेंढ्या कुठं होत्या?"

"कुठल्या साली?"

"तेच तर आठवत नाही नीट."

"मंग वाजीव," आबा म्हणाले.

"वाजवून तुम्हाला काय कळणार, आबा? सगळी सारखीच आहेत."

"मेंढ्या बी सारख्याच असत्यात," आबा म्हणाले. "वाजीव तू."

मी पहिली लावली. मुलगी डबी हातात घेऊन बाजूला बसली. आबांनी मान खाली घातली. मिनिटभर गेलं असेल. "हे पत्र्याखालचं हाय. आवाज वर जाऊन खाली येतोय बघ. हे लासूरला ऐकलं आपुन. तवा तांबडीला जुळं झालं व्हतं."

मुलीनं डबी बघितली. वर बघितलं. पुन्हा डबी बघितली. "पप्पा, लासूर. नाल्याच्या अल्याड."

मी दुसरी लावली. "हे उघड्यावरचं. पर चारी अंगानं भिंती हाईत." ते मैदान खरोखरच इमारतींच्या मधोमध होतं, आबांनी ते कधी बघितलेलं नाही. "ह्यो जो मधीच वरडतोय ना, त्याला कुत्रं भुकलं व्हतं आपलं. हतनूर."

"हतनूर," मुलगी म्हणाली. तिचं हसू पार गेलं होतं. अक्षर न येणारा, डोळ्यांना धड न दिसणारा म्हातारा एकदा ऐकलेलं इंग्रजी गाणं बत्तीस वर्षांनी ओळखत होता, आणि तेही कुठल्या विहिरीपाशी ऐकलं त्यासकट. मी लोकांना सांगायचो, माझा कान जन्मजात आहे म्हणून. कुणाचा जन्म, ते मात्र कधी सांगितलं नव्हतं.

पाचवी कॅसेट लावली तेव्हा आबा पुढं सरकले. डोकं जरा वाकडं करून ऐकत राहिले. मग म्हणाले, "हे पिशोरचं. उनाचं आला व्हतास तू. ह्याच्यात माझी घोंगडी नाय."

"काय?"

"वारं बघ की कसं फडफडतंय. घोंगडीतनं वारं येत नाय आत. ह्या खेपेला तू घोंगडी न्यायला आलाच नव्हतास." ते शांतपणे सांगत होते, जुनी गोष्ट सांगतात तसं. "तवा मेंढ्या देवगावात व्हत्या. तू सांगून ठिवलं व्हतंस, पोरांचा शेवटचा कारेक्रम हाय, यीन म्हणून. म्या दोन दिस जास्तीचा थांबलो. रानात काडी ऱ्हायली नव्हती, शेतकरी बी बोलला. म्हणलं, आपुन हललो तर पोरगं कुठं हुडकत फिरंल? मंग गेलो पिशोरला."

मी टेप बंद केला. कॅसेट सापडली होती. त्या पहिल्या खरखराटानंतर एकूण एक कार्यक्रम मी घोंगडीत भरला, फक्त एक सोडून, आणि तो शेवटचा. मी ते विसरलो होतो असं लिहिणं सोपं आहे. खरं म्हणजे मी ते आठवत नव्हतो, कारण मला आठवायचं नव्हतं.

"मग का नाही गेलात?" आबांनी विचारलं नाही, मुलीनं विचारलं.

"काम होतं," मी म्हणालो. आबांनी मान हलवली.

काम काही नव्हतं. त्या शेवटच्या कार्यक्रमाला ड्रमरनं मला सांगितलं होतं, "तू पब्लिक में नक्को, आमच्या लोकांत उभा राहा, एकदम समोर." त्यांच्या लोकांत म्हणजे इंजिनिअरिंगची पोरं, पोरी, चांगल्या घरची. आणि त्याच्या आधीच्या कार्यक्रमात त्यांच्यातलाच एक नाक मुरडून म्हणाला होता, "इथं मेंढरं कुणी आणली रे?" त्याला बिचाऱ्याला वास आला होता घोंगडीचा, माझ्याविषयी काही माहीत नव्हतं. माहीत असणार कसं? मी सगळ्यांना सांगितलं होतं, आमची कन्नडला शेती आहे. सगळे हसले, मीही हसलो. आणि शेवटच्या कार्यक्रमाला टेपरेकॉर्डर उघडाच घेऊन गेलो. माझी लाज झाकायला मी माझ्या लाडक्या बँडचा सगळ्यात मोठा कार्यक्रम खराब भरला, आणि वर तीस वर्षं सांगत सुटलो की पूरा भरलाय.

रविवारी मी आबांना म्हणालो, "चला माझ्यासोबत."

"कुठं?"

"ज्यांचा कालवा आहे त्यांच्याकडं."

मुलीनं कॅसेट लॅपटॉपवर उतरवून ठेवली होती, म्हणजे पट्टी तुटायची धास्ती नव्हती. तरी मी डेक आणि स्पीकर घेतले. असला कार्यक्रम मोबाइलवर ऐकवायचा म्हणजे पंगतीला बसवून बिस्किटं वाढायची. रिक्षात आबा घोंगडी खांद्यावर टाकून बसले. ती घरीच ठेवा, असं म्हणायची मला सवय आहे. त्या दिवशी म्हणालो नाही.

ड्रमर खुर्चीत होता, उजवा हात मांडीवर उशीवर ठेवलेला. त्याच्या बायकोनं दार उघडलं. मी उंबऱ्यातच म्हणालो, मोठ्यानं, पाठ केलेलं म्हणतात तसं, "वहिनी, हे माझे वडील. पन्नास वर्षं मेंढ्या राखल्या यांनी. आमची शेतीबिती कधीच नव्हती."

त्या गोंधळल्या, कारण त्यांनी काही विचारलंच नव्हतं. पण ड्रमरनं माझ्याकडं बघितलं आणि डावा हात कपाळाला लावून आबांना म्हणाला, "सलाम, आबा. बसा."

मी स्पीकर मांडला, कॅसेट घातली, बटण दाबलं. आणि माझी बढाई दोन मिनिटांत उतरली. गिटार कशीबशी ओळखू येत होती. वारं फडफडत होतं. ड्रम फाटला होता, नुसती तडतड. ड्रमर डोळे मिटून ऐकत होता. हळूहळू त्याची हनुवटी खाली गेली. गाणं संपल्यावर तो म्हणाला, "ये मैं नहीं हूँ, यार. हे डबे वाजतायत."

"पट्टी जुनी झालीय," मी म्हणालो. हेही खोटंच. बाकीच्या आठ कॅसेटी तेवढ्याच जुन्या होत्या.

"असू दे," तो म्हणाला. "बंद कर. आणलंस तेच खूप." आणि त्यानं उजव्या हाताकडं असं बघितलं की मला तिथून उठून निघून जावंसं वाटलं. सात महिने तो माणूस जे ऐकायची वाट बघत होता ते माझ्याकडं होतं, आणि मी ते वाया घालवलं होतं.

माझं बोट बटणावर होतं, तेवढ्यात आबा म्हणाले, "थांब. त्याच्यावर घोंगडी टाक."

"आबा, आता काय उपयोग? ती भरताना हवी होती."

"तू टाक तर."

मी ऐकत नाही म्हटल्यावर ते स्वतः उठले, चाचपडत स्पीकरपाशी गेले आणि खांद्यावरची घोंगडी त्याच्यावर टाकली. एक पदर पुढं सोडला. दुमडला. कान लावून बघितलं, मग पुन्हा उलगडून एकेरी केला. कोकरावर पांघरूण घालताना मी त्यांना असं करताना बघितलंय.

तडतड बसली. वाऱ्याची फडफड घोंगडीतच राहिली. फाटलेला आवाज शिवला गेला असं मी म्हणणार नाही, मी इतकी वर्षं टेप ऐकलेत, मला फरक कळतो. पण आतून जे आलं ते गोल होतं, आणि त्याला वजन होतं. मोठ्या ड्रमची थाप खोलीत उतरली आणि बरगडीत लागली, अगदी पहिल्या दिवसासारखी. आणि मग तो तुकडा आला, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप. बाकीचे चौघं थांबले आणि ड्रमर एकटाच सुटला. मी त्या दिवशी दहा हातांवर उभा होतो, तरी असं वाजलं होतं हे मला आज कळत होतं.

ड्रमरनं डोळे उघडले. त्याचा डावा हात खुर्चीच्या हातावर चालायला लागला. आधी एक बोट, मग चार. मग त्यानं डाव्या हातानं उजवा उचलला आणि घोंगडीवर, थेट स्पीकरवर, नेऊन ठेवला. "हौ," तो म्हणाला. "हौ, हौ. हा मी आहे. बेगम, ऐक, ये मैं हूँ." त्याची बायको दारात चहाचा ट्रे धरून तशीच उभी राहिली.

आबांची घोंगडी त्या थापांनी हलत होती आणि तिच्यावर त्या माणसाचा हात होता. मी इतके कार्यक्रम बघितले, इतके मोठे लोक जवळून ऐकले, पण कुणाचा म्हणून मला एवढा अभिमान कधी वाटला नव्हता जेवढा त्या घटकेला माझ्या बापाचा वाटला.

ड्रमर हात तसाच ठेवून हसत म्हणाला, "मियाँ, हीच ना ती? जिच्यात तू टेप लपवून आणायचास? तुझ्या बाकीच्या कॅसेटी म्हणूनच एकदम साफ असायच्या. मग त्या दिवशी का नाही आणलीस?"

मी आबांकडं बघितलं. ते स्पीकरच्या शेजारी जमिनीवरच बसले होते, कान घोंगडीकडं करून. पट्टी संपत आली होती, गर्दीच्या टाळ्या वाजत होत्या.

"लाज वाटली," मी म्हणालो. "घोंगडीची. आणि आबांची. काम काही नव्हतं आबा मला. मी मुद्दामच आलो नाही."

टाळ्या मध्येच तुटल्या. बटण खटकन वर आलं.

"म्हाईत हाय मला," आबा म्हणाले. "पट्टी संपली बघ. उलटी कर."